अक्का, तू चोर नव्हतीस

अक्का, तुझा दहावा परवा झाला आणि मी अजून रडलेले नाही. बायका येतात, माझ्या गळ्यात पडतात, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते आणि मनात चहाला दूध पुरेल का ते बघते. सख्ख्या बहिणीसारखी जाऊ गेली आणि हिच्या डोळ्याला टिपूस नाही, असं कुणीतरी चुलीपाशी म्हणालं. मी ऐकलं आणि पातेल्यात साखर घातली. मला त्या बाईचा राग आला नाही. कशाचंच काही येत नाहीये. हात चालतात, पाय चालतात, विचारलं तर उत्तरही देते, आणि आत नुसता पांढरा गारठा. तुझ्या आत शेवटची वर्षं असंच होतं का, हे तुला विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी तू म्हणाली असतीस, भूक लागली.

तुला जन्मभर तुम्ही म्हटलं. तू थोरली जाऊ, आण्णांची बायको, मी धाकटी. आण्णांना अहोजाहो तसंच तुलाही. मग शेवटी शेवटी तोंडात घास घालताना, परकर बदलताना तू कधी 'तू' झालीस ते कळलं नाही, आणि आता मागे फिरणं जमत नाही. राग आला तर येऊ दे. तुला माझा राग आलेला बघून फार वर्षं झाली.

मला एकच गोष्ट म्हणायची आहे. आधी तुला आजार झाला, आणि मग तू लोकांच्या घरातून वस्तू उचलल्यास. गाव हे उलटं सांगतं. गाव सांगतं, हिनं देवाच्या गावात चोरी केली म्हणून देवानं हिची बुद्धी नेली, वाचा नेली, हिला अंथरुणाला खिळवलं. शनिशिंगणापूरच्या शिवारात राहणाऱ्या माणसांना दुसरं काही सुचणं अवघडच. दुसऱ्या कुठल्या गावात तुला वेडी म्हणाले असते, भूत लागलं म्हणाले असते, करणी म्हणाले असते. चोर फक्त इथेच म्हणाले.

मी श्रीरामपूरहून लग्न होऊन आले तेव्हा या घराला दार नाही हे बघून मी हातातली ट्रंक खाली ठेवायला तयार नव्हते, आठवतं? आमच्याकडे दुपारी लवंडायचं तरी कडी घालून. इथे घराला नुसती मोकळी जागा, कुत्री येऊ नयेत म्हणून रात्रीची एक फळी आडवी. मोरीला पोत्याचा पडदा. पहिले कितीतरी दिवस मी अंघोळीला गेले की तू पडद्याबाहेर पाठ करून सुपात गहू घेऊन बसायचीस आणि मी बाहेर येईपर्यंत निवडत राहायचीस. ते गहू आधीच निवडलेले असायचे. मला ते पुष्कळ दिवसांनी समजलं, आणि तोवर भीती गेलेली होती.

दुसऱ्याच्या घरी कसं जायचं हे तू मला शिकवलंस. अंगणात थांबायचं. हाक मारायची. आतून 'ये' आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मी तेव्हा नवी शिकलेली, अंगणवाडीत लागण्याच्या खटपटीत, तुझ्याशी वाद घालायला तयार. दारच नाही तर एवढं सोवळं कशाला, असं मी म्हटलं. तू हसलीस. “मास्तरीनबाई, आत कोन रडत आसंल, कोन उघडं आसंल, कोन भांडत आसंल. त्याला सावराया येळ द्यायचा आसतो.”

तुला सगळ्यांचं असं आतलं दिसायचं. सून रुसली, सासू तापली, कुणाच्या घरात मयत झालं, की आधी बोलावणं तुला. तू फारसं काही बोलायची नाहीस. नुसती जाऊन बसायचीस आणि घर हळूहळू भानावर यायचं. मी यांच्याशी भांडून आले की भाकरीचा आवाज ऐकूनच तुला कळायचं. तू माझ्या हातातलं पीठ काढून घ्यायचीस आणि मला गुरांना पाणी पाजायला पिटाळायचीस. गोठ्यात मनसोक्त रडून घ्यावं म्हणून. मला तेव्हा वाटायचं, ही किती कामाला लावते.

मग ते सुरू झालं, आणि कधी सुरू झालं ते मी सांगू शकत नाही. तू अंगणातून हाक मारणं सोडलंस, एवढं मला पहिल्यांदा दिसलं. सरळ आत. मी म्हटलं वय झालं, घरोबा आहे, चालायचं. पण तू पन्नाशीचीही नव्हतीस. मग गुळाचा डबा रिकामा व्हायला लागला. तू उभ्या उभ्या गूळ खायचीस, मुठीनं. पूर्वी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई, आता आण्णांच्या ताटातला लाडू त्यांच्या हातातून घ्यायची. आण्णा आधी हसायचे. बरेच दिवस आम्ही सगळेच हसत होतो. एकदा तू यांच्या साहेबांसमोर म्हणालीस की ह्या माणसाचं पोट गाभण्या म्हशीवानी हाय. ते खरंच होतं, त्यामुळे आम्हाला आणखी हसू आलं.

सगळ्यांत आधी माझंच तुझ्याशी वाजलं. कौसाबाईचा नवरा गेला होता. आपल्या शेजारचं घर, भिंतीला भिंत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण दोघी बसायला गेलो. पिठावर दिवा तेवत होता, शेजारी मेलेल्याच्या नावानं भरलेला पाण्याचा तांब्या. कौसाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. वाकलीस, दिव्याजवळचा तांब्या उचललास, घटाघटा पाणी प्यालीस, आणि तो रिकामा तांब्या हातात धरून चालू लागलीस. घर बायकांनी भरलेलं होतं. कौसाबाईनं डोळे उघडून दिव्याजवळची ती ओली गोल खूण बघितली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मी तुला वाटेत गाठलं आणि नाही नाही ते बोलले. लाज कशी वाटली नाही, कौसाबाईला काय वाटलं असेल, तुम्ही मला शिकवायच्या ना, मग हे काय. तू शांतपणे ऐकून घेतलंस, कुणी बाजारभाव सांगावेत तसं. मग म्हणालीस, “पानी हुतं. तान लागली हुती.” आणि पुढे चालू लागलीस. तो वाद तिथेच राहिला, अक्का. त्यात तुझी बाजू कधी आलीच नाही.

त्या दिवसापासून तांब्यांचा नाद लागला. आपल्याकडे माणूस घरात आलं की आधी पाण्याचा तांब्या समोर ठेवतात. तू जन्मभर घरोघर गेलीस आणि घरोघर तो तुझ्यापुढे आला. आता तू रोज सकाळी त्याच वाटेनं, त्याच क्रमानं घरं घ्यायचीस, आत शिरायचीस, तांब्या दिसला की पाणी प्यायचं, तांब्या घेऊन यायचा, आणि आपल्या ओट्यावर ओळीनं मांडायचा. उन्हात चकचकत असायचे. प्रत्येकावर मालकाचं नाव घातलेलं. जगात असा चोर कुणी बघितला आहे का, जो नाव घातलेली भांडी रस्त्यावरून दिसतील अशी मांडतो? मी संध्याकाळी ते टोपलीत भरून घरोघर परत द्यायचे. आधी बायका हसून घ्यायच्या. कौसाबाईच्या घरची गोष्ट गावभर झाल्यावर कुणी हसेना. आणि मग एका घरातून देवघरातली चांदीची वाटीही ओट्यावर आली, त्यानंतर तर गावात तोच विषय.

तू येताना दिसलीस की बाया फळी लावायला लागल्या. भर दिवसा. कुत्र्यांसाठीची फळी, अक्का. मी मागून येत असायचे आणि मला ते बघावं लागायचं. तुला त्याचं काहीच नव्हतं. तू फळी उचलायचीस, नीट भिंतीला टेकवून ठेवायचीस आणि आत जायचीस. तुला त्यातला अपमान कळत नव्हता, यासाठी मी देवाचे आभार मानले आहेत, आणि देवाचे आभार मानणारी बाई मी नव्हे, हे तुला माहीत आहे.

गावानं आण्णांना पारावर बोलावलं. रीतसर पंचायत नव्हे, पण चार जाणती माणसं. देवाच्या गावात हे बरं नाही, उद्या सगळ्यांना भोगावं लागेल, असं म्हणाली. आण्णांनी मान खाली घालून सांगितलं की चोरी झाली, मी कबूल करतो, देवाची माफी मागतो. ते ऐकून मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. गावानं म्हणणं वेगळं आणि तुझ्या नवऱ्यानं चार लोकांत कबूल करणं वेगळं.

त्या शनिवारपासून आण्णांनी नेम धरला. पहाटे अंघोळ, ओलेत्यानं शनीच्या चौथऱ्यावर, तेलाची धार, हात जोडून पुटपुटणं. मी काही वेळा मागोमाग गेले. बायकांनी खालीच थांबायचं, त्यामुळे काय पुटपुटतात ते ऐकू यायचं नाही. ऐकायची गरजही नव्हती, सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या बायकोनं चोरी केली, पदरात घे. मी घरी येऊन भांडी आपटायचे. थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायचं नसतं, म्हणून डोक्यावर पदर घेऊन भांडायचे. आण्णा ऐकायचे आणि उठून गोठ्यात जायचे. हे मला म्हणाले, थोरल्याला बोलायचं न्हाई. मी यांनाही सोडलं नाही.

तुझ्या लेकानं, रमेशनं, शेवटी पुण्याला न्यायचं ठरवलं. तो चिंचवडला कारखान्यात, त्याच्या ओळखीनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. आण्णा आले नाहीत, म्हणून मी आले. तुला त्या यंत्रात निजवलं तेव्हा तू आतून मोठ्यानं विचारत होतीस की जेवायला कधी देनार. मग डॉक्टरांनी तुझ्या डोक्याचा काळा फोटो खिडकीवर धरला. कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग आकसलेला होता. भुईमुगाच्या शेंगेत दाणा वाळला की आत मोकळी जागा होते, तशी मला ती दिसली. मागचा भाग मात्र भरलेला.

डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरचे असावेत. त्यांनी पाटपाण्यावर समजावलं. म्हणाले, लाज, माया, दुसऱ्याचं दुःख हे मेंदूत एका जागी ठेवलेलं नसतं. बऱ्याच भागांना जोडणाऱ्या चाऱ्या असतात, पाटाचं पाणी शेतात नेणाऱ्या चाऱ्यांसारख्या. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की आपल्या पोटात कालवतं. ते कालवलेलं मेंदूला कळावं लागतं, मग मेंदू ठरवतो की आत्ता या घडीला हेच महत्त्वाचं, बाकी राहू दे, आणि आपल्याला थांबवतो. हे सगळं क्षणात होतं. यांच्या त्या चाऱ्या फुटल्यात. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, पण ज्या वाफ्याला पाणी जायचं तिथे जात नाही. चेहरा दिसतो, तो कुणाचा आहे हेही ओळखतात, पण त्या माणसाला काय वाटत असेल हा प्रश्नच यांच्या डोक्यात उठत नाही.

मी विचारलं, कागदावर तुम्ही स्मृतिभ्रंश लिहिलंय, पण त्यांना तर सगळं आठवतं. डॉक्टर म्हणाले, या प्रकारात आधी आठवण जात नाही, आधी माणसांतलं वागणं जातं. म्हणून घरच्यांना तो आजार वाटतच नाही, स्वभाव बिघडला असं वाटतं. कितीतरी डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. मग मी माझा खरा प्रश्न विचारला. हे केव्हा सुरू झालं असेल? ते म्हणाले, तुम्हाला दिसायच्या आधी बरंच. मी ते वाक्य पदराच्या गाठीत बांधल्यासारखं घेऊन निघाले. तांब्यांच्या आधी. वाटीच्या आधी. कौसाबाईच्या दिव्याच्या आधी.

निघताना त्यांनी सांगितलं, बाहेर जाऊ देऊ नका, बाहेरच्या दाराला वरच्या बाजूनं कडी लावून घ्या. रमेशनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्या घराला दार नाही. डॉक्टरांचं पेन थांबलं. ते म्हणाले, मग बसवून घ्या. मी म्हटलं, आमच्या गावात कुणाच्याच घराला दार नसतं. आणि मला हसू यायला लागलं, असं की थांबेना. तू पण हसलीस, मी हसतेय म्हणून. आपण दोघी किती दिवसांनी एकत्र हसलो, आणि तेही कुठे.

परतीच्या एस.टी.त तू खिडकीतून प्रत्येक गावाची पाटी मोठ्यानं वाचलीस, एक चुकली नाही. शिरूर ओलांडल्यावर मागे वळून एका लेकराच्या हातातलं बिस्कीट घेऊन खाल्लंस. त्याची आई भडकली. मी पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं की यांना आजार आहे. त्या बाईनं तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. नीट नेसलेलं लुगडं, ठसठशीत कुंकू, तोंडावर बिस्किटाचा चुरा. तिला काही पटलं नाही.

घरी आल्या आल्या मी आण्णांना ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. चाऱ्या, विहीर, वाळलेला दाणा. अंगणवाडीतल्या पोरांना सांगते तसं, पाटीवर डोकं काढून. ते शेवटपर्यंत ऐकत होते. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाले, “औशद काय दिलं?”

मी म्हटलं, याला औषध नाही. शांत राहायची गोळी दिलीय, पण हे थांबवणारं किंवा बरं करणारं काही निघालेलं नाही. आण्णा उठले आणि गुरांना वैरण टाकायला गेले. शनिवारी पुन्हा तेलाचा डबा घेऊन निघाले. मी मनात म्हटलं, या माणसाच्या डोक्यात काही शिरायचं नाही.

मग आमचं दार मीच झाले. अंगणवाडीतून आले की दुकानांसाठी रुईच्या पानांचे हार करायला उंबऱ्याच्या जागी बसायचे, पाय आडवे पसरून. तू मला ओलांडून जायचीस. मी सुई टोचून ठेवायचे आणि तुझ्यामागे यायचे. तुझा वेग दांडगा. ते फिरणंही कमी झालं, मग बोलणं आटलं. दोनच शब्द उरले होते, भूक आणि चल.

त्याच सुमाराला माझी आई गेली. माहेरचे दिवस आटपून मी परत आले. तू खाटेवर बसली होतीस. मला आजाराचं सगळं माहीत होतं, डॉक्टरांचे शब्द पाठ होते, तरी मी पिशवी खाली ठेवून तुझ्यासमोर उभी राहिले. थांबले. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, चांगलं बघितलंस, आणि म्हणालीस, भूक. पूर्वी तू मला एस.टी.तून उतरताना बघूनच पिशवी घ्यायला धावली असतीस. मी तुला दूध-भाकरी कुस्करून दिली आणि गोठ्यात गेले. मला आईचं दुःख होतं, पण त्या दिवशी मी रडले ते तुझ्यासाठी. मला वाटतं तेव्हाच मी तुझं सगळं रडून घेतलं. आता काही शिल्लक नाही, हे असंही असेल.

ठसके लागायला लागले, छातीत कफ भरला, आणि एका सकाळी तू गेलीस. कौसाबाई आली नाही. मी तिला दोष देत नाही. तिला तुझ्या मेंदूतलं काही ठाऊक नाही, तिला तो रिकामा तांब्या ठाऊक आहे.

दहावा प्रवरासंगमला केला. घाटावर कर्णा लावला होता, रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं. गावातले एक वडीलधारे उठले. वाईट हेतूनं नाही बोलले ते. म्हणाले, माउली फार चांगली होती, आयुष्यात एक चूक झाली, पण देवानं ती इथेच भोगून घेतली, आता ती मोकळी झाली. सगळ्यांनी माना हलवल्या. मी बायकांमधून उठले. डोक्यावरचा पदर नीट केला आणि कर्ण्याशिवायच बोलले. मी म्हटलं, अक्का चोर नव्हत्या. आजारी होत्या. आजार आधी झाला.

पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. बाजूच्या बाईनं मला हाताला धरून खाली बसवलं, दुःखानं माणूस काहीबाही बोलतं तसं समजून. आण्णांनी मान वर केली नाही. मला त्याचं सगळ्यांत जास्त लागलं. तुझ्या नवऱ्यानं त्या वेळी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

काल शनिवार. सकाळी मी अंगण झाडत होते आणि आण्णा अंघोळ करून तेलाचा डबा घेऊन बाहेर आले. सुतक फिटून दिवस झाला नाही आणि हा माणूस पुन्हा निघाला. मी झाडू टाकला आणि वाटेत उभी राहिले. म्हटलं, आता कशाची माफी? ज्यांच्यासाठी मागत होता त्या गेल्या. किती वेळा सांगितलं तुम्हाला, पाटीवर काढून दाखवलं, तरी तुम्हाला बायको चोरच वाटली.

आण्णा ओट्यावर बसले. डबा मांडीवर घेतला. डब्याची कडी इकडून तिकडे करत राहिले.

“तू पुन्याहून आलीस त्याच दिशी मला कळलं हुतं,” ते म्हणाले. “समदं कळलं. चोर न्हाई ती.”

मी म्हटलं, मग?

“डाक्टरकडं औशद नव्हतं. चोरीला माफी तरी हाय. म्हनून मी चोरीच धरून बसलो. आजार हाय म्हनलो आस्तो, तर देवाकडं मागाया काय ऱ्हायलं आस्तं?”

अक्का, मी तिथेच त्यांच्या पायाशी, झाडायच्या राहिलेल्या अंगणात बसले. पारावरची पहिली कबुली त्यांनी घाबरून दिली होती, ती मी समजू शकते. पण पुण्यानंतरच्या सगळ्या शनिवारच्या कबुल्या त्यांनी जाणूनबुजून दिल्या. तू निर्दोष आहेस हे माहीत असताना तुला दोषी ठरवत राहिले, तू बरी व्हावीस म्हणून. आणि मी त्यांना दगड समजत होते.

मग मला दुसरं सुचलं. म्हणजे शनीच्या चौथऱ्यावर उभं राहून, ओलेत्यानं, हा माणूस दर शनिवारी खोटं बोलला. जाणून बोलला. हे मी गावाला सांगितलं तर तुझं नाव धुऊन निघेल. पण चौथऱ्यावर खोटं बोलणाऱ्याचं या गावात काय होतं ते मी इतकी वर्षं बघतेय. उद्या आण्णांना साधा ताप आला तरी लोक म्हणतील, बघा. आण्णांच्या सावलीलाही कुणी उभं राहणार नाही. फळी त्यांच्यासाठीही लागेल.

तेव्हा मी आता गावाला काही सांगणार नाही. तू मला बोल लावणार नाहीस असं वाटतं. पूर्वीची तू तर नक्कीच नाही, तूच मला गोठ्यात पिटाळून म्हणाली असतीस, ऱ्हाऊ दे. तू चोर नव्हतीस हे आम्हाला दोघांना माहीत आहे आणि आम्ही दोघंही तोंड उघडणार नाही. म्हणून हे तुला सांगते आहे. ज्यांच्यापुढे तुझं नाव साफ व्हायला हवं होतं, त्यांच्यापुढे ते आता होणार नाही.

आण्णा उठले. म्हणाले, आज काही मागायचं नाही, नुसतं तेल वाहून येतो. मी पदर घेतला आणि त्यांच्यामागे गेले. शनिवारची गर्दी होती, परगावचे लोक जीपा भरभरून आलेले. आण्णा ओलेत्यानं वर चढले. मी खाली बायकांच्यात उभी राहिले. त्यांचे ओठ हलत नव्हते, नुसती तेलाची धार पडत होती. मी या देवापुढे हात कधी मनापासून जोडले नव्हते, तू त्यावरून मला चिडवायचीसही. काल जोडले. रडू तेव्हाही आलं नाही. तुझ्याविषयी मी देवाला एक शब्द बोलले नाही, अक्का. मी फक्त वर उभ्या असलेल्या आण्णांकडे बघत राहिले आणि म्हटलं, याला काही करू नको.